न पाहिलेले मंदिर आणि कोकणातला खडक

भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते, पण गावाने नावात मिरवली आहे ती रेणुकाई. या देवीचे मूळपीठ माहूरला, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. दरवर्षी माहूरगड चढणे सगळ्यांनाच जमत नाही. म्हणून शेंदराने माखलेला तो भव्य तांदळा आणि त्यावरचे टपोरे डोळे तसबिरीतून घरी येतात आणि देवघरात किंवा भिंतीवर विराजतात. जिथे पाय पोहोचत नाहीत ते स्थान चित्रातून घरात आणायचे, ही गोष्ट मराठवाड्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मराठीच बोलणाऱ्या आणखी एका समाजाला हीच गरज शतकानुशतके वाटत आली. त्यांचे मूळपीठ माहूरपेक्षा कितीतरी दूर, समुद्रापलीकडे होते आणि तिथले मंदिर तर केव्हाच जमीनदोस्त झालेले होते. हा समाज म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. जेरुसलेमचे मंदिर जगभरच्या चित्रकारांनी कसकसे रंगवले यावर पाश्चात्त्य भाषांत ग्रंथ आहेत, संग्रहालयांत दालने आहेत. त्या दीर्घ परंपरेत मुंबई, पुणे आणि अलिबागचाही वाटा आहे. हा वाटा महाराष्ट्राच्या कलेतिहासाचा भाग मानून त्याची नोंद मराठीतून आणि आताच व्हायला हवी. आणखी वीस वर्षांनी नोंद करायला माणसे उरतील, याची खात्री देता येत नाही.

आधी मूळ स्थानाकडे वळू. रोमन सैन्याने इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचे दुसरे मंदिर जाळले आणि पाडले. डोंगरावरच्या ज्या चौथऱ्यावर मंदिर उभे होते, त्याला आधार देणाऱ्या भिंती तेवढ्या राहिल्या. पश्चिमेकडची भिंत आज ज्यूंचे सर्वांत मोठे प्रार्थनास्थळ आहे. ज्यू धर्मात देवाची मूर्ती किंवा प्रतिमा निषिद्ध आहे. तरीही मंदिराचे चित्र काढणे थांबले नाही. उलट, मंदिर गेल्यावर ते जास्तच काढले जाऊ लागले.

त्याचा सर्वांत जुना आणि हृद्य पुरावा नाण्यांवर आहे. मंदिर पडल्यावर साठेक वर्षांनी, १३२ ते १३५ या काळात, बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी रोमविरुद्ध उठाव केला. बंडखोरांकडे टांकसाळीची साधने नव्हती. त्यांनी रोमन नाणीच घेतली आणि त्यांवर आपला ठसा उमटवला. चांदीच्या मोठ्या नाण्यावर चार खांबांचे मंदिराचे दर्शनी रूप आले. कित्येक नाण्यांवर त्या खांबांखालून सम्राटाच्या मूळ नाण्याच्या अक्षरांच्या पुसट कडा अजून दिसतात. ज्या सत्तेने मंदिर पाडले, तिच्याच चांदीवर मंदिर पुन्हा उभे राहिले होते. रोममधल्या टायटसच्या कमानीवर मात्र याच घटनेची दुसरी बाजू कोरलेली आहे. मंदिरातला सात शाखांचा दीपवृक्ष रोमन सैनिक खांद्यांवरून मिरवत नेत आहेत. पराभवाच्या त्या शिल्पातला दीपवृक्षच १९४९ मध्ये इस्रायलने आपल्या राजचिन्हात घेतला.

सीरियातल्या दुरा युरोपोस या सरहद्दीवरच्या गावात तिसऱ्या शतकातले एक प्रार्थनामंदिर १९३२ मध्ये वाळूखालून वर आले. इसवी सन २४४-४५ च्या सुमाराला त्याच्या भिंती नखशिखांत रंगवल्या गेल्या होत्या. धर्मग्रंथ ठेवायच्या कोनाड्यावर जेरुसलेमच्या मंदिराचे चित्र आहे. रंगवणाऱ्याने ते कधीच पाहिलेले नव्हते, त्याच्या आजोबानेही नाही. त्याने आजूबाजूला दिसणाऱ्या ग्रीक-रोमन देवळांसारखे खांब काढले. त्यामुळे जेरुसलेमपेक्षा दुराबद्दलच ते चित्र आपल्याला अधिक सांगते.

पुढच्या काळात हेच पुन्हा पुन्हा घडले. त्या डोंगरावर ६९१-९२ मध्ये खलिफा अब्द अल-मलिक याने घुमटाची अष्टकोनी वास्तू उभारली. युरोपातून आलेल्या क्रुसेडर यात्रेकरूंनी तिलाच प्रभूचे मंदिर म्हटले आणि ती आकृती युरोपच्या मनात घट्ट बसली. व्हेनिसचा मुद्रक मार्को अँतोनियो जुस्तिनियानी सोळाव्या शतकाच्या मध्यात हिब्रू ग्रंथ छापत होता. त्याने आपल्या छापखान्याची खूण म्हणून घुमटाची अष्टकोनी इमारत निवडली आणि तिला मंदिराचे नाव दिले. इस्लामी वास्तूचे चित्र ज्यू धर्मग्रंथांच्या मुखपृष्ठावर ज्यू मंदिर म्हणून झळकले आणि वाचकांनी ते श्रद्धेने स्वीकारले. व्हेनिसमध्येच १६०९ साली वल्हांडणाची, म्हणजे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाची, सचित्र पोथी छापली गेली. ही पोथी, म्हणजे हग्गादा, सणाच्या रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायची असते. तिच्यातल्या एका चित्रात गाढवावर बसलेला मसीहा जेरुसलेमकडे निघाला आहे, त्याच्यापुढे एलियाहू संदेष्टा शिंग फुंकत चालला आहे आणि शहराच्या मधोमध तोच घुमट उभा आहे. या चित्रातला एलियाहू ध्यानात ठेवावा, कारण कोकणात त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

नंतरची मोठी पायरी ॲमस्टरडॅमची. तिथे १६९५ मध्ये निघालेल्या हग्गादात लाकडी ठशांऐवजी तांब्याच्या पत्र्यावरची नाजूक कोरणी आली. ती करणारा अब्राहम बार याकोब हा धर्मांतर करून ज्यू झालेला माणूस होता. त्याने मेरियन या ख्रिस्ती चित्रकाराच्या बायबल-चित्रांचा मुक्तहस्ताने आधार घेतला, शेवटी मंदिराचे चित्र दिले आणि पवित्र भूमीचा नकाशाही जोडला. पुढे कित्येक पिढ्या जगभरच्या हग्गादांनी या प्रतीची नक्कल केली.

एकोणिसाव्या शतकात चित्रकार स्वतः तिथे पोहोचू लागले. स्कॉटलंडचा डेव्हिड रॉबर्ट्स १८३९ मध्ये जेरुसलेमला गेला आणि त्याच्या शिळाछापांनी युरोपच्या दिवाणखान्यांत ते शहर नेले. पश्चिम भिंतीची त्या शतकातली चित्रे आणि छायाचित्रे पाहिली की भिंत आभाळाला टेकल्यासारखी दिसते. यात चित्रकाराची अतिशयोक्ती नाही. भिंतीसमोर तेव्हा जेमतेम चार मीटर रुंदीची गल्ली होती. मागे सरकायला जागाच नसल्याने पाहणारा मान वर करूनच पाहणार. जून १९६७ च्या युद्धानंतर समोरचा मोरोक्कन मोहल्ला पाडला गेला, तिथल्या कुटुंबांना घरे सोडावी लागली आणि प्रशस्त पटांगण झाले. तेव्हापासूनच्या छायाचित्रांत भिंत रुंद आणि आडवी दिसते. दगड तेच राहिले, पण समोरची वस्ती गेली आणि चित्र बदलले. जुनी चित्रे नसती तर त्या गल्लीची आणि तिथे राहणाऱ्यांची आठवणही पुसली गेली असती.

अब्राहम बार याकोबच्या कोरणीची वाट समुद्रमार्गे मुंबईपर्यंत येते. इथून पुढची गोष्ट आपली आहे.

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. सोबतचे ग्रंथ समुद्रात गेले, प्रार्थना हळूहळू विस्मरणात गेल्या. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी काम बंद ठेवले, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर अशी गावांची नावे आडनावे झाली. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेल्या समाजी हसाजी दिवेकर यांनी, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल यांनी, १७९६ मध्ये मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर उभारले. शार हरहमीम, अर्थात दयेचे द्वार, हे त्याचे नाव. मग रेवदंडा, पेण, पनवेल, अलिबाग अशी मंदिरे झाली. अलिबागचे मागेन अबोथ १८४८ चे असून आजची इमारत १९१० ची आहे. ज्या वस्तीत ते उभे आहे, तिला गाव इस्रायल आळी म्हणते.

या प्रार्थनामंदिरांत जेरुसलेमच्या मंदिराचे चित्र टांगलेले नसते, तरी प्रत्येक वास्तूच्या रचनेत जेरुसलेमची आठवण उतरलेली आहे. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायची पवित्र कपाटवजा जागा, म्हणजे हेखाल, जेरुसलेमच्या दिशेला असते. युरोपातल्या ज्यूंसाठी ती दिशा पूर्व आहे. कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला, अरबी समुद्रापलीकडे येते. म्हणून अलिबाग, रेवदंडा किंवा पनवेलला भाविक प्रार्थनेला उभे राहतात, तेव्हा त्यांची तोंडे समुद्राकडे असतात, ज्या वाटेने पूर्वज आले असे ते मानतात त्याच वाटेकडे. वास्तूच्या दिशेत दडलेले हे चित्र जगातल्या फार थोड्या ज्यू समाजांना लाभले आहे.

कागदावरचे चित्र त्यानंतर आले. मुंबईत १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा छापला गेला. पुण्यात १८७४ मध्ये आणखी एक सचित्र मराठी हग्गादा निघाला, आणि तो प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी डोळ्यांखालून घालावा असा आहे. बेखमीर भाकरी करण्याचा प्रसंग युरोपातल्या पोथ्यांत टेबले, उंच भट्ट्या आणि झगे घातलेल्या माणसांसह येतो. पुण्याच्या प्रतीत स्त्रिया जमिनीवर बसल्या आहेत. अंगावर भारतीय पेहराव आहे, कोणी पीठ मळते आहे, कोणी लाटते आहे, कोणी भाजते आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या लोकांची तीन हजार वर्षांपूर्वीची घाई एका पुणेरी छापखान्याने आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवली. दुरा युरोपोसच्या चित्रकाराने मंदिराला गावातले खांब दिले होते. पुण्याच्या चित्रकाराने सणाला आपल्या घरातल्या बायकांचे हात दिले. या पोथीला कलेच्या इतिहासात जी जागा मिळाली ती परदेशी अभ्यासकांनी दिली. मराठी ग्रंथमुद्रणाच्या इतिहासात तिचा उल्लेख ओझरताच होतो, ही खंत आहे.

याच काळात महाराष्ट्रात चित्रांची छपाई भराभर वाढत होती. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची, रवि वर्म्यांचा घाटकोपरचा छापखाना १८९४ चा. देवादिकांच्या रंगीत तसबिरी खेड्यापाड्यांत पोहोचल्या. बेने इस्रायलांच्या घरी भिंतीवर आला तो एलियाहू हन्नाबी. पांढऱ्या दाढीचा वृद्ध संदेष्टा, ज्वाळांनी वेढलेला रथ, उधळलेले घोडे आणि खाली ढग. चित्राचे वळण युरोपातल्या बायबल-चित्रांचे आहे, पण घरातली त्याची जागा मात्र अस्सल इथली आहे.

कारण एलियाहू कोकणात येऊन गेला आहे, अशी या समाजाची श्रद्धा आहे. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात तो अग्निरथातून स्वर्गात जातो. बेने इस्रायल सांगतात की त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळा गावीही उतरला. हे खंडाळा घाटातले नव्हे. तिथल्या खडकावर घोड्यांच्या टापा आणि रथाच्या चाकाची खूण दाखवतात आणि त्या जागेला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. नवस बोलायला आणि फेडायला लोक तिथे जातात. तबकात भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची आणि फळे असतात, वर सब्जाची पाने किंवा गुलाबाच्या पाकळ्या. हा मलिदा. एलियाहूचे स्तोत्र म्हणून झाले की तो प्रसादासारखा वाटतात. जगभरचे ज्यू वल्हांडणाच्या रात्री एलियाहूसाठी पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. पोहे-गुळाचा मलिदा मात्र त्याला कोकणानेच दिला.

जेरुसलेमच्या मंदिराचा आणि या खडकाचा संबंध व्हेनिसच्या १६०९ च्या चित्रात आहे. त्या चित्रात एलियाहू जेरुसलेमच्या वाटेवर पुढे चालतो. ज्यांना जेरुसलेम अप्राप्य होते, त्या कोकणवासीयांनी त्या वाटेचा एक टप्पा आपल्या गावात शोधला. खडकावरची खूण हे त्यांचे स्थानचित्र आहे. ते कोणी रंगवले नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवे. पहिला असा की खडकावरची खूण रथाची आहे याला पुरावा काय? इतिहासकाराने रथ सिद्ध करायचा नसतो. श्रद्धा कधीपासून दिसते, तिच्याभोवती कोणते विधी, कोणती गाणी आणि कोणती चित्रे उभी राहिली, हे तो पाहतो. हा पुरावा भरपूर आहे आणि तो तपासण्याजोगा आहे. दुसरा आक्षेप संख्येचा. देशात १९५१ मध्ये सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ४,६५० उरले, त्यांत निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातले. एवढ्या थोड्या लोकांच्या चित्रांसाठी सरकारने धावपळ का करावी, असे कोणी विचारेल. पण संख्या घटली म्हणूनच घाई आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्या दर्जाला काही अर्थ यायचा असेल तर तो शिष्यवृत्तीच्या अर्जापुरता राहू नये.

जे इस्रायलला गेले त्यांनी आपले मराठीपण टाकलेले नाही. दिमोना, अश्दोद, लोद आणि बीरशेबा इथे मराठी घरे आहेत, मलिदा होतो आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथूनच निघाले. मुंबईत जन्मलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या सिओना बेंजामिन या बेने इस्रायल चित्रकर्तीने भारतीय लघुचित्रांची शैली ज्यू कथांना दिली. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन तिने आपल्याच समाजातल्या माणसांची चित्रे केली. पुण्याच्या १८७४ च्या पोथीत सुरू झालेली रीत तिच्या कामात पुढे चालते, हे जाणणारा मराठी वाचक मात्र विरळा.

केरळाकडे पाहावे. कोचीच्या परदेशी सिनगॉगला, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनामंदिराला, १९६८ मध्ये चारशे वर्षे झाली, तेव्हा समाजाचा इतिहास सांगणारी चित्रमालिका रंगवून घेतली गेली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसापासून केरळच्या राजांनी दिलेल्या आश्रयापर्यंतचा प्रवास आज प्रत्येक पाहुणा तिथे चित्रांतून पाहतो. त्याच शहरातल्या कडवुंभागम सिनगॉगची लाकडी अंतर्रचना मात्र जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. ती तिथे सुरक्षित आहे, याबद्दल कृतज्ञताच वाटावी. पण आपला ठेवा पाहण्यासाठी आपल्यालाच पारपत्र लागावे, अशी वेळ अलिबागवर येऊ नये.

महाराष्ट्रातही चांगले काम झाले आहे. मुंबईच्या काळा घोड्याजवळचे १८८४ चे केनेसेथ एलियाहू पुनरुज्जीवनानंतर २०१९ मध्ये पुन्हा झळाळले. पुण्याचे ओहेल दाविद, म्हणजे लोकांचे लाल देऊळ, दिमाखात उभे आहे. पण ही दोन्ही बगदादहून आलेल्या ज्यूंची, त्यांच्यातल्या ससून घराण्याच्या पैशातून झालेली शहरी वैभवस्थाने आहेत. तेल गाळणाऱ्या कोकणी ज्यूंच्या घरातली तसबीर, जुनी पोथी, नवगावच्या स्मशानातले दगड आणि खंडाळ्याचा खडक यांच्या वाट्याला तेवढी नजर आलेली नाही.

म्हणून मागणी साधी आहे. राज्य पुरातत्त्व विभागाने खंडाळ्याच्या खडकाचे आणि नवगावच्या स्मशानभूमीचे मोजमाप, छायाचित्रण आणि लेखांचे वाचन करावे. सुशोभीकरणाच्या नावाखाली तिथे फरशा, रंगीत कमानी आणि पुतळे येऊ नयेत, कारण चिरा चकचकीत झाला की खूण कायमची बुजते. मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या मराठी विभागांनी १८४६ आणि १८७४ च्या हग्गादांच्या चिकित्सक, सचित्र आवृत्त्या काढाव्यात. घरोघरच्या एलियाहूच्या तसबिरींची छायाचित्रे, त्या कुठून आणल्या आणि कोणी लावल्या याच्या आठवणींसह, एका जागी जमवावीत. हे काम समाजाच्या संमतीने आणि त्यांच्याच माणसांना बरोबर घेऊन व्हावे, नोंद मराठी आणि हिब्रू दोन्हींत असावी. रायगड जिल्ह्यापासून सुरुवात करता येईल, कारण तिथली मंदिरे, स्मशाने आणि उरलेली घरे एकमेकांपासून फार लांब नाहीत. तिथल्या वृद्धांना या आठवणी मुखोद्गत आहेत, आणि येत्या वर्षभरात त्यांच्यापुढे वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन बसणे कोणत्याही विद्यापीठाला जमण्यासारखे आहे.